न ऐकलेलं सुतक

कारापूरच्या वाड्यावरच्या देवळाच्या सभागृहात लाकडी रंगमंच आहे. जत्रेला गावातली हौशी मंडळी त्यावर नाटक करतात. एरवी तिथे मांडवाचे वासे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या पडून असतात. आजूबाजूच्या गावांतले रंगमंच एकेक करून सिमेंटचे झाले, वर फरशी बसली. हा राहिला, कारण नूतनीकरणाचा ठराव दर सभेत पुढे ढकलला गेला. चिऱ्याच्या चौथऱ्यावर वासे, वाशांवर फणसाच्या फळ्या. उडी मारली की फळी किंचित दबते आणि पायाला परत वर लोटते.

विद्यापीठाच्या नृत्यवर्गाच्या शिक्षिका मनीषा रेगे जागा शोधत इथे आल्या, तेव्हा त्यांनी चपला काढून टाच आपटून पाहिली. मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन आपटली.

"हा मिळवून द्या," त्या म्हणाल्या. "फरशीवर मी मुलांच्या गुडघ्यांची जबाबदारी घेणार नाही."

हे ज्यांना म्हणाल्या ते गोकुळदास तळकर. वीज खात्यात कारकून, आणि जत्रेच्या नाटकाची प्रकाशयोजना सांभाळणारे. त्यांची मुलगी तनया साखळीला कॉलेजात होती आणि तिने या वर्गात नाव घातलं होतं. वर्ग मुळात पणजीला चालतो, कुठल्याही कॉलेजच्या विद्यार्थ्याला खुला. पण संध्याकाळी उशिरा सुटल्यावर साखळी-डिचोलीकडच्या मुलांना परतीची बस मिळत नाही, म्हणून या बाजूला एक शाखा काढायची होती. बॅले आणि कंटेम्पररी, दोन्ही. कारापुरात यातल्या पहिल्या शब्दाचा उच्चार वर्षभर निरनिराळा होत राहिला.

देवस्थान समितीचे अध्यक्ष यशवंत गावस यांनी गोकुळदासांचं म्हणणं ऐकून घेतलं. मुलींच्या अंगासरशा कपड्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. जत्रेच्या नाटकांत त्यांनी बरंच पाहिलं होतं. त्यांची अट दुसरी होती.

"सभागृह देवळाक लागून आसा. चामडां चलाचां नाय. विटाळ चलाचो नाय. सोयर-सुतक पाळूक व्हयां. ती मास्तरीण भायली, तिका मी काय सांगू? शब्द तू दी."

गोकुळदासांनी शब्द दिला. त्यांच्या वडिलांनी कारापुरात घर बांधून पन्नास वर्षं होत आली, तरी गावाच्या लेखी ते पेडणे तालुक्यातल्या केरीचेच. देवळात त्यांना मान नाही, मत नाही. काम आहे आणि शब्द आहे. त्या शब्दावर रंगमंच मिळाला.

चामड्याचा प्रश्न आधी आला. बॅलेच्या मऊ बुटांना तळव्याखाली चामड्याचा तुकडा असतो. तनयाच्या आईने, कमलाक्षीने, सगळ्या मुलींच्या बुटांचे तळ उसवले आणि तिथे जाड मांजरपाट शिवला. मग महिन्याच्या चार दिवसांचा प्रश्न आला. त्या दिवसांत मुली बाहेरच्या सोप्यावर बसून जनेलातून, म्हणजे खिडकीतून, वर्ग बघायच्या. मनीषा रेगे आधी संतापल्या. पुण्यात वाढलेल्या, बेंगळुरूला शिकलेल्या बाई. त्यांनी जागा सोडण्याची भाषा केली. मग त्यांनी तालुक्यातल्या इतर जागा पुन्हा एकदा पाहिल्या. परत आल्या तेव्हा सोप्यावर बसलेल्या मुलींना त्यांनी एकेक काम वाटून दिलं: तू फक्त खांदे बघ, तू फक्त घोटे.

मुलींनी आपल्याला नुसतं 'मनीषा' म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. पहिल्या आठवड्यात सगळ्या "मनीषा टीचर" म्हणू लागल्या आणि तो विषय तिथेच संपला.

तनया अठराव्या वर्षी बॅले शिकायला लागली. एवढ्या उशिरा सुरुवात केलेल्या शरीराचं काय होतं आणि काय होत नाही, हे मनीषा टीचरनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. मांडीच्या खुब्यातून पाय बाहेर वळतो तो हाड वाढत असतानाच. आता जेवढा वळेल तेवढ्यात भागवायचं. गुडघ्यातून ओढून जास्त वळवाल तर चाळिशीत जिना चढता येणार नाही. कंटेम्पररी जमेल, कारण त्यात पडायचं असतं, जमिनीशी वागायचं असतं, आणि या मुलींना खाली बसायची सवय आहे.

तनयाची अडचण मात्र उशिराची नव्हती. ती फुगडीतून आली होती. कमलाक्षीचा फुगडीचा संघ गणेश चवथीच्या दिवसांत गावोगाव जातो. तनया त्यात लहानपणापासून. फुगडीत दोघी हात धरून मागे रेलतात, नजर समोरचीच्या तोंडावर, आणि गरगरतात. बॅलेत पिरुएत म्हणजे एका पायाच्या चवड्यावर स्वतःभोवती घेतलेली गिरकी. तिथे समोर कुणी नसतं. नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर रोखायची, अंग फिरू द्यायचं, मान शेवटी झटक्यात वळवून पुन्हा त्याच ठिपक्यावर आणायची. तनया मान अंगाबरोबरच फिरवायची. तिला चक्कर यायची नाही, पण गिरकी संपायची तेव्हा ती कुठेतरी भलतीकडे तोंड करून उभी असायची.

"तुला गरगरत नाही, तीच अडचण आहे," मनीषा टीचर म्हणाल्या. "गरगरणारी मुलगी निमूट ठिपका शोधते. तुला गरजच पडत नाही."

"फुगडेक ह्येच्यापेक्षा जास्त फिरतंव आमी," तनया पुटपुटली.

"फुगडीत तुला धरलेलं असतं कुणीतरी."

वर्गातली तिची मैत्रीण प्रतीक्षा. तिचे वडील गडहिंग्लजकडचे, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. प्रतीक्षाने आपल्या कपाळाची टिकली काढून समोरच्या खांबावर चिकटवली. "ही बघ तुझी जाऊबाई," ती म्हणाली. "हिच्यावरची नजर हलवलीस तर घर फोडील तुझं."

मध्यम पातळीची परीक्षा वर्षातून एकदा होते. बाहेरून परीक्षक येतात, आधी दांड्याला धरून करायचे व्यायाम बघतात, मग मोकळ्या जागेतले, मग कंटेम्पररीची एक स्वतः बसवलेली रचना. सगळं एकाच बैठकीत. जी उत्तीर्ण होते तिला विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ नृत्य-पदविकेत जागा मिळते. त्या पदविकेला दुसरं दार नाही. आणि परीक्षेला बसायला विद्यार्थी असावं लागतं. गेल्या वर्षी तनया बसली होती. पिरुएत घसरल्या. परीक्षकांनी मोजकं सांगितलं: पुढल्या वर्षी या. आता ती तिसऱ्या वर्षाला होती, भूगोल विषय. उन्हाळ्यानंतर ती विद्यार्थिनी राहणार नव्हती. म्हणजे ही परीक्षा, नाहीतर नाही.

तिला दुसरं काही करायचं नव्हतं. हे तिने घरी एकदाच सांगितलं, मासे कापत असलेल्या आईला, आणि कमलाक्षीने मान वर न करता विचारलं होतं, "मगे नोकरी कसली गो मेळतली?" "शिकवीन." "कोणाक?" "तुका," असं म्हणून तनया उठून गेली होती. पण त्यानंतर कमलाक्षीने संध्याकाळची कामं तिच्याकडून काढून घेतली.

परीक्षेला पंधरवडा उरला असताना केरीहून निरोप आला की महादेव आजो अंथरुणाला खिळले.

महादेव तळकर म्हणजे गोकुळदासांच्या वडिलांचे चुलतभाऊ. वय नव्वदीच्या पुढे. तनयाने त्यांना तीन-चारदा पाहिलं असेल. पण तळकरांची केरीची भावकी एकच आहे. किनाऱ्यावरच्या वाड्यात मेलं तरी, मुंबईत मेलं तरी, सुतक सगळ्या घरांना दहा दिवस. आजो परीक्षेच्या आधी गेले, तर तनयाला देवळाच्या आवारात पाऊल टाकता येणार नव्हतं.

हा हिशेब घरात कुणी मोठ्याने मांडला नाही. त्याऐवजी सगळ्यांना आजोंच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. कमलाक्षी त्यांच्यासाठी रोज दिवा लावू लागली. कधी नव्हे ते गोकुळदास सकाळ-संध्याकाळ केरीला फोन करून आजो पेज प्यायले का, हे विचारू लागले. आजोंचा नातू गौरेश केरीच्या किनाऱ्यावर एका शॅकचं, झोपडीवजा हॉटेलाचं, काम बघतो. तिसऱ्या दिवशी त्यालाही नवल वाटलं.

"काका, इतको जीव आजोचेर? चवथीकय येनाशिल्लो तू."

परीक्षेच्या आधीच्या रविवारी गोकुळदास स्वतः केरीला गेले. आजो शुद्धीत होते. त्यांनी गोकुळदासांना ओळखलं आणि विचारलं, "तुजां चेडू नाचता म्हणटत. खंय?" "देवळात, काका." "बरां," आजो म्हणाले. "देवळात बरां." आणि डोळे मिटले.

बाहेर पडवीवर गोकुळदासांनी गौरेशला बाजूला घेतलं. सुतकाचा एक नियम आहे, तो त्या भागात सगळ्यांना ठाऊक असतो: सुतक ऐकल्यावर लागतं. परगावी असलेल्याला उशिरा कळलं, तर तोवर त्याने केलेली पूजा बाटत नाही. ज्याच्या कानावर खबर गेलेली नाही, तो मोकळा.

"काय बरां-वायट जालां तर," गोकुळदास म्हणाले, "माका फुडल्या रविवारपर्यंत फोन करू नको. सोमवारी कर."

गौरेश त्यांच्याकडे बघत राहिला. "आजोच्या मातयेक येवचो नाय तू?"

"नाय."

"लोक काय म्हणटले?"

"म्हणांदी."

गौरेशने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो म्हणाला, "चेडवाक सांग, बरां नाच." त्याला पडवीवर सोडून गोकुळदास परत आले.

पुढचा आठवडा तळकरांच्या घरात फोन वाजला की तिघं थांबायची. बुधवारी अनोळखी नंबर आला.

"उचलू नको गो!" कमलाक्षी स्वयंपाकघरातून ओरडली.

"आई, गॅसवाल्याचो आसतलो."

"आसांदी. गॅस सोमवारी सांपतलो."

"बाबांच्या ऑफिसचो आसलो तर?"

"ऑफिसवाले मेले तरी सोमवारी."

गोकुळदासांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. रोजचं वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचतात, कारण निधनवार्ता तिथे असतात. त्या आठवड्यात कमलाक्षी पोदेराकडून पाव घेता घेता पेपरही आत आणायची आणि ते पान काढून चुलीजवळ ठेवायची, खालचा भाग आतल्या बाजूला दुमडून. गोकुळदास उरलेला पेपर वाचायचे. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचा आवाज बंद केला होता. गट उघडायचा नाही असं ठरलं.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. गौरेश रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना फुलाचं चित्र पाठवतो, खाली शुभ सकाळ. वर्षानुवर्षं. ते चित्र गटावर नव्हे, प्रत्येकाच्या फोनवर सुटं येतं. गुरुवारी ते आलं नाही.

गोकुळदासांनी सकाळी फोन पाहिला, खिशात ठेवला, दाढी केली, पुन्हा पाहिला. कमलाक्षीचाही फोन तिच्या हातात होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"इंटरनेट नाय आसतलां केरीक," कमलाक्षी म्हणाली.

"आसतलां," गोकुळदास म्हणाले.

त्यावर बोलणं संपलं. तनयाला कुणी काही सांगितलं नाही. संध्याकाळी ती तालमीला गेली. शुक्रवारी गेली, शनिवारी गेली. शनिवारी गोकुळदास परीक्षेसाठी दिवे बांधायला सभागृहात जाणार होते. ते गेले नाहीत. डोकं दुखतं म्हणाले आणि वायरमनच्या पोराला पाठवलं. ऐकलं नाही म्हणजे लागलं नाही, हे ते पाळत होते. पण आपण होऊन पायरी चढायची हिंमत त्यांना झाली नाही.

रविवारी सकाळी दहाला परीक्षा. परीक्षक बेंगळुरूच्या, साठीच्या, सडपातळ बाई. खुर्ची नको म्हणाल्या, रंगमंचासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. गोकुळदास आणि कमलाक्षी देवळाच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेला गाडीपाशी उभे होते. तिथून सभागृहाचं एक जनेल दिसतं आणि त्यातून दांड्याचा अर्धा भाग. तनया त्या अर्ध्या भागात होती. प्लिए सुरू झाले: गुडघे बाजूला वाकवून पाठ ताठ ठेवत खाली जायचं, वर यायचं. पेटीवर वाजवलेले स्वर बाहेर ऐकू येत होते. बॅलेसाठी पियानो लागतो. पियानोचं ध्वनिमुद्रण चालायचं, पण गावातल्या भजनी मंडळाच्या एका पेटीवाल्याने हौसेने चाली बसवून घेतल्या होत्या, आणि परीक्षक बाईंना त्या आवडल्या असं दिसत होतं. त्यांनी मान डोलावली.

पहिला भाग नीट गेला. हे मनीषा रेगे सांगतात, आणि त्या कुणाचं उगाच कौतुक करत नाहीत.

मुली पाणी प्यायला थांबल्या. दांडे बाजूला सरकवण्याचं काम चाललं होतं. तेवढ्यात यशवंत गावस देवदर्शनाला आले. त्यांनी गोकुळदासांना रस्त्यावर उभं पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. हे महत्त्वाचं आहे. त्यांना वाटलं, गोकुळदास सुतक पाळून आवाराबाहेर उभे आहेत. तसे ते खरंच बाहेर उभे होते. म्हणून यशवंत जवळ आले, थोडं अंतर ठेवून थांबले आणि रीतीप्रमाणे बोलले.

"पेपरात वाचलां. बरो मनीस गेलो. नव्वदी पार केली म्हणा, पण घराण्याचां मूळ तां मूळ."

कमलाक्षीने पदर तोंडाला लावला. आता ऐकलं होतं.

यशवंतांना एवढ्यात जनेल दिसलं. जनेलात तनया बुटाची नाडी बांधत होती.

"चेडू भितर आसा?"

"तिणें आयकूक नाय," गोकुळदास म्हणाले.

"आणि तू?"

"मीय नव्हतां आयकलां. आता आयकलां. तुमच्याकडसून."

यशवंत गावस वाईट माणूस नव्हेत. त्यांनाही कळलं की न बोलते तर बरं झालं असतं, आणि बोललेलं मागे घ्यायची सोय कुठे नाही. मनीषा टीचर बाहेर आल्या, कारण आतून त्यांना काहीतरी बिनसलंय असं दिसलं. प्रकरण समजायला त्यांना एक मिनिट लागलं.

"तिला कळलेलं नाही ना? मग तिला सुतक नाही. तुमचाच नियम आहे. अर्ध्या तासाने सांगा."

"माका ठावक आसा," यशवंत म्हणाले. "आता मी डोळे मिटून घरी गेलो, तर उद्या समितीक काय सांगू? कोण तरी विचारतलो. पेपर मी एकटो वाचनाय."

"मी तुमच्याकडे अर्धा तास मागते आहे."

"माझ्याकडे नको मागू बाय. शब्द हेचो आसा. हेणां काय करूचां तां करूंदे. मी हेका काय म्हणूचो नाय. पण सभागृह फुडल्या वर्सा मागूक येव नका."

सगळे गोकुळदासांकडे बघू लागले. गोकुळदासांनी कमलाक्षीकडे बघितलं. ती जनेलाकडे बघत होती. आत वर्गातल्या बाकीच्या मुली होत्या. त्यांत पुढल्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्याही होत्या. या तालुक्यात दुसरी लाकडी जमीन नाही. गोकुळदासांना हे त्यांच्या लेकीइतकंच चांगलं माहीत होतं.

त्यांनी हाक मारली. आवारात न शिरता, रस्त्यावरूनच. दुसऱ्या हाकेला तनयाने वर पाहिलं.

ती जनेलापाशी आली. "काय जालां?"

"भायर ये."

"आता माझी पाळी."

"महादेव आजो गेलो गो," गोकुळदास म्हणाले.

तिने "केन्ना?" असं विचारलं नाही. ती वळली, रंगमंचाच्या कडेला गेली, परीक्षक बाईंना वाकून नमस्कार केला, आणि पायऱ्या उतरून बाहेर आली. पायात बूट तसेच. परीक्षकांना वाटलं, दुखापत झाली. मनीषा टीचरनी त्यांना इंग्रजीत समजावलं. त्यांनी दोनदा विचारलं, ही मुलगी परत येऊ शकते का. इथे नाही तर बाहेर, रस्त्यावर, कुठेही. मनीषा टीचरनी रस्त्याकडे पाहिलं. डांबर, त्यावर खनिजाच्या ट्रकांनी पाडलेले खड्डे. त्या नाही म्हणाल्या. फरशीवर ज्यांना त्यांनी उडी मारू दिली नव्हती, त्यांना डांबरावर गिरकी घ्यायला सांगणं त्यांच्याच्याने झालं नाही. आणि परीक्षा ठरलेल्या जागी, एकाच बैठकीत व्हावी लागते; व्हिडिओ चालत नाही.

प्रतीक्षा धावत बाहेर आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"तनू, माझा सख्खा चुलता गेला दिवाळीत," ती कुजबुजली. "मी दुसऱ्या दिवशी वर्गाला आले. आमच्यात बी असतंय की सुतक. पण गडहिंग्लजचं इथं कोण विचारतंय?"

"तुका कोण ओळखता हंय," तनया म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "तू जा. तुझी पाळी येतली."

निकालात तनयाच्या नावापुढे 'अपूर्ण' लागलं. प्रतीक्षा उत्तीर्ण झाली. ती आता पणजीला असते. मनीषा टीचर विद्यापीठात जाऊन तीन वेगवेगळ्या माणसांना भेटल्या. तिघेही सौजन्याने बोलले. आजारपण, दुखापत, जवळच्या नातेवाइकाचं निधन, यांना फेरपरीक्षेची सोय आहे, असं त्यांतल्या एकाने सांगितलं. मनीषा टीचरना आशा वाटली. नातं काय, असं त्याने विचारलं. आजोबांचे चुलतभाऊ, असं टीचरनी सांगितलं. तो म्हणाला, "हे जवळचं नातं धरता येणार नाही."

कारापुरात मात्र ते जवळचं होतं. टीचर तिथून उठल्या.

वर्गाचं सभागृह राहिलं. यशवंतांनी पुढच्या सभेत आपण होऊन विषय काढला आणि वर्गाला परवानगी कायम केली. "गोकुळदासान शब्द पाळलो," एवढंच ते म्हणाले.

बाराव्याला तळकर मंडळी केरीला गेली. गौरेश दारात भेटला. त्याने गोकुळदासांचा हात हातात घेतला आणि सोडला. आपण चित्र पाठवायला विसरलो, ते मुद्दाम नव्हतं, असं त्याने सांगितलं. आजो पहाटे गेले, फोन कुठे राहिला तेच कळलं नाही. पेपरातली बातमी मुंबईच्या काकांनी दिली होती. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं, कारण त्यांना थांबवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर पुरुष पडवीत बसले. बायका आतल्या दाराशी. गोकुळदास उभे राहिले. पेडण्यातल्या पुष्कळ घराण्यांनी दूरच्या घरांचं सुतक तोडलंय, ते म्हणाले. बैठक बसते, नारळ ठेवतात, तिसऱ्या पिढीपलीकडे दहाचे तीन दिवस करतात. आपणही एकदा विचार करावा. मुलं आता परगावी आहेत, नोकऱ्या आहेत, परीक्षा आहेत.

कुणी विरोध केला नाही. पानदान एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. मग आतल्या दारातून आजोंची धाकटी भावजय बोलली, बारीक आवाजात:

"गोकुळा, आमी तुका जड जालंव?"

"तसां न्हय, काकी."

"मगे कसां? कारापूरचां घर आमचां नाय, असां सांगूक आयलो तू? आजोच्या बाराव्याक?"

गोकुळदास खाली बसले. कुणीतरी पावसाच्या आधी कौलं परतायचा विषय काढला.

परतताना तनया पुढच्या सीटवर बसली होती; कमलाक्षी मागे, डोळे मिटून. पेडणे मागे पडल्यावर एक ट्रक समोरून आला, त्याला वाट द्यायला गोकुळदासांनी गाडी कडेला घेतली.

"यशवंतकाका बोलले नसते," तनया म्हणाली, "तर तुमी सांगितलां असतां?"

"सोमवारी."

"म्हणजे ठावक होतां तुमका."

"ठावक नव्हतां. आयकलां नव्हतां." त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

तिने आपल्या बाजूची काच खाली घेतली.

"माकाय गुरवारी गौरेशदादाचां फूल आयलां नाय," ती म्हणाली. "तीन दिवस मी तशीच चढलंय थंय. दर खेपेक वाटायचां, आता फळी मोडतली."

"मोडली नाय मगे," गोकुळदास म्हणाले.

"नाय. चांगली जाली होती तालीम."

मागच्या सीटवरून कमलाक्षीने, डोळे न उघडता, दोघांना गप्प बसायला सांगितलं.